हेल काढून रडणं – तुमच्याकडे अजून ऐकू येतं का?

निंबोणी

गेल्या महिन्यात माझी आत्या गेली. वय ८१, झोपेतच गेली, त्यामुळे जो येईल तो "सोनं झालं" म्हणत होता. पुण्यातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. रात्री दीडला कळलं, सकाळी साडेनऊला शववाहिका खाली उभी. मधल्या सगळ्या वेळात घरात आवाज होता तो फोनचा आणि कुजबुजीचा. आतेभाऊ आत्याचं आधार कार्ड शोधत होता. मी चहाचे कप विसळत होते, कारण दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं.

साडेआठच्या सुमाराला धाकटी काकू आली. मंगळवेढ्याजवळच्या गावाहून रात्रीच जीप करून निघाली होती. लिफ्ट चालू होती, तरी ती जिन्याने आली, आणि पहिल्या मजल्यापासूनच तिचा आवाज वर यायला लागला. "अवो माझ्या वन्संऽऽ, एस्टीतनं उतरलं की पिशवी कोण घील वोऽऽ, आता कुणाच्या दारात टेकू वोऽऽ." प्रत्येक ओळ उंचावर सुरू व्हायची, खाली उतरायची आणि शेवटच्या 'वो'वर लांबत जायची. मग एक हुंदका, की पुढची ओळ. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला आणि त्या रात्रीत पहिल्यांदा मला रडू फुटलं.

ती आत्याच्या पायाशी बसली. "माझी अडचण तुमी झाकली वोऽऽ, त्या साली तुमीऽऽ..." एवढं म्हणाली आणि आतेभावाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "काकू, शेजारी लहान मुलं आहेत. आणि तुमचं बीपी वाढेल." काकू थांबली. पदराने तोंड पुसलं आणि नंतर शववाहिका हलेपर्यंत एक अक्षर बोलली नाही.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये. हे गाणं असतं का? शिकवतं कोण? ओळी ठरलेल्या असतात की त्या क्षणी सुचतात? आणि हे कुणी नोंदवून ठेवलंय का? तुमच्या घरात, गावात काय अनुभव आहे?

बाभूळकाटा

निंबोणी, आधी आत्यांना श्रद्धांजली.

काकू जिन्याने का आल्या ते सांगतो. आमच्याकडे (करमाळा तालुका) मर्तिकाला येणारी बाई वेशीपासून, निदान गल्लीच्या तोंडापासून गळा काढत येते. आतल्या बायकांना आवाजावरूनच कळतं की अमकी आली, मग त्याही सूर धरतात. दारात दोघी गळ्यात पडतात आणि एकमेकींच्या ओळीत ओळ मिसळतात. लिफ्टमध्ये हे कुठे करणार? काकूंना तेवढं अंतर चालून यायचं होतं.

ओळी ठरलेल्या नसतात, साचा ठरलेला असतो. पहिल्यांदा नात्याची हाक. वन्सं, माझ्या वाघा, माझे बये. मग आठवण, तीही बारीकशी, त्या माणसाचीच. मग जाब किंवा प्रश्न: आता कोण करील, मला न सांगता का गेलीस. पुन्हा हाक. आमच्याकडे याला 'आठवून रडणं' म्हणतात. नुसतं भोकाड पसरणारीला बायका मागून नावं ठेवतात, "हिला आठवता येत नाही" म्हणून.

टवाळ_तुक्या

विषय गंभीर आहे, पण राहवत नाही. आमची एक मावशी या कलेतली उस्ताद होती. आजोबांच्या वेळी सूर असा लागला होता की पुरुषसुद्धा डोळे पुसत होते. त्यातच, त्याच चालीत, तोच हेल: "माझ्या दादा रंऽऽ, सावली गेली रंऽऽ, शेगडीवर दूध हाय बघा गंऽऽ, उतू जाईल गंऽऽ, माझ्या दादा रंऽऽ."

दूध वाचलं.

सांजवात

तुक्या, हसू नये तिथे हसवलंत.

आमच्याकडे अगदी उलटं. आजी गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आईच्या तोंडून हुंदका फुटला तर आजोबा म्हणाले, "रडू नका, तिचा जीव अडकेल." घरात गीतेचा पंधरावा अध्याय चालू होता. आई स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. नळाचा तो आवाज मला अजून आठवतो. गावात दोन आळ्या सोडून मर्तिक झालं की बायकांचा आवाज यायचा आणि आमच्या घरातले "काय हा गोंगाट" म्हणायचे. निंबोणीच्या आतेभावाचं वाक्य मला आमच्याच घरातलं वाटलं.

पोथीवाला

सांजवात, तुमच्या आजोबांचं म्हणणं जुनंच आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत म्हटलंय की आप्तांनी गाळलेले अश्रू आणि शेंबूड मृताला नाइलाजाने खावे लागतात, म्हणून रडू नये, यथाशक्ती क्रिया कराव्यात.

गंमत अशी की कालिदासाने दोन्ही बाजू एकाच सर्गात ठेवल्या आहेत. रघुवंशाच्या आठव्या सर्गात इंदुमती जाते आणि अज राजा तिचं डोकं मांडीवर घेऊन विलाप करतो. विलाप करणारा पुरुष, तोही राजा. नंतर वसिष्ठांचा शिष्य निरोप घेऊन येतो: स्वजनांचे अखंड अश्रू प्रेताला जाळतात असं म्हणतात, तेव्हा आवर. अज निरोप ऐकून घेतो, पण दुःख काही आवरत नाही. मुलगा लहान म्हणून आठ वर्षं कशीबशी काढतो आणि शेवटी देह ठेवतो. कुमारसंभवाच्या चौथ्या सर्गातला रतिविलापही त्याच वृत्तात आहे, वियोगिनी. मोठ्याने म्हणून बघा, ओळ शेवटाकडे कशी खाली येते ते. निंबोणीच्या काकूंच्या 'वो'ची आठवण झाली.

आणि महाभारतातलं अकरावं पर्व म्हणजे स्त्रीपर्वच. युद्ध संपल्यावर गांधारी रणांगणावर एकेकाची बायको, आई कशी रडतेय हे कृष्णाला दाखवत जाते. भूरिश्रव्याचा तुटलेला हात त्याची बायको मांडीवर घेते आणि त्या हाताशी बोलते: हाच तो हात, माझी मेखला ओढणारा. एवढं खाजगी, तेही रणभूमीवर सगळ्यांसमोर. पुढे मम्मटाने काव्यप्रकाशात करुणाच्या पोटात आलेल्या शृंगाराचं उदाहरण म्हणून हाच श्लोक घेतला. आणि गांधारीचा विलाप संपतो कुठे? कृष्णाला शाप देण्यात.

रोखठोक

सगळ्यांना फारच उमाळा आलाय, म्हणून दुसरी बाजू.

माझे वडील गेले तेव्हा मी बारावीत होतो. आईचा आवाजच बंद झाला. ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे. तासाभरात बायकांची कुजबुज सुरू झाली, "दगड आहे बाई." एकीने तिच्या दंडाला चिमटा काढला, का तर रडली नाही तर डोक्यावर परिणाम होतो. मग दोघींनी तिच्या गळ्यात पडून हेल काढले. ज्यांनी चार वर्षांत आमच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं त्या. आणि त्याच सुरात, त्याच बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या. काच मनगटात गेली. ती खूण अजून आहे.

तेव्हा मला त्या सुरातलं काव्य सांगू नका. ज्याला रडायचं त्याने रडावं, ज्याला नाही त्याला सोडून द्यावं. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करायचा ठराव केला, नंतर सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. मला विचाराल तर आतेभावाने काकूंना थांबवलं त्यात काही चूक नाही.

काठावरची

रोखठोक +१. न रडणाऱ्याची जी उलटतपासणी होते ती भयंकर असते.

बाभूळकाटा

रोखठोक, तुमच्या आईंबद्दल वाचून फार वाईट वाटलं. चिमट्याचं आणि बांगड्यांचं समर्थन कुणी करू नयेच. पण ती रीत आणि हा गळा एकाच गाठोड्यात बांधू नका, असं मला माझ्या आजीमुळे वाटतं.

आजोबा गेले तेव्हा मी वीस-बावीसचा असेन. आजोबांना तीन भाऊ. शेवटच्या आजारात एकही जण फिरकला नाही, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वाकडं होतं. मयताला मात्र तिघेही पांढरे फेटे बांधून ओट्यावर बसलेले. आजी आयुष्यभर त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर खाली न येऊ देता वावरलेली. थोरल्या दिरांशी ती थेट बोलत नसे, दाराआडून पोराला सांगायची.

त्या दिवशी तिने गळा काढला. आजोबांना उद्देशून. "मालकऽऽ, पाच म्हैनं खाटंवर व्हता वोऽऽ, पान्याचा तांब्या कुणी दिला नाय वोऽऽ, बांदावरनं जाऊन बांदावरनं आलं वोऽऽ, दाराकडं मान वळली नाय वोऽऽ." नाव एकाचंही घेतलं नाही. सगळं आजोबांना सांगत होती, ऐकत होता अख्खा गाव. आणि मयतावर रडणाऱ्या बाईला गप्प कोण करणार? मधला चुलत आजोबा खाली बघत करंगळीने जमिनीवर रेघोट्या ओढत बसला होता, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दहाव्याला पाण्याची पाळी पुन्हा सुरू झाली. कुणी चर्चा केली नाही, माफी मागितली नाही.

एरवी या बाईला बोलायला जागाच नव्हती. ती एकच जागा होती.

रोखठोक

हे वेगळं आहे, मान्य. माझ्या आईला ती जागा मिळाली नाही, तिच्यावर इतरांनीच ती वापरली. तेवढं म्हणणं शिल्लक ठेवतो.

डब्लिनकर

बाभूळकाटा, तुमच्या आजीचं वाचून इथलं आठवलं. आयर्लंडमध्ये 'कीनिंग' नावाची अशीच रीत होती. घरच्या बायका आणि बोलावलेल्या बायका प्रेताभोवती बसून सुरात आठवून रडायच्या. चर्चने त्याला फार विरोध केला आणि ती हळूहळू संपली. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध काव्य १७७३चं. आयलीन नावाच्या बाईने गोळी घालून मारलेल्या नवऱ्यासाठी म्हटलेलं. बरीच वर्षं तोंडीच राहिलं, नंतर लिहून घेतलं गेलं.

मजा ऐका. त्यात नवऱ्याची बहीण, म्हणजे नणंद, सुरातच टोमणा मारते की माझा भाऊ मरून पडलेला आणि ही निजायला गेली होती. आणि भावजय सुरातच उत्तर देते की निजायला नव्हते गेले, पोरं रडत होती त्यांना निजवत होते. नणंद-भावजय, अटलांटिकच्या काठावर.

टवाळ_तुक्या

म्हणजे आपली सासू-सुनेची मालिका त्यांनी २५० वर्षांपूर्वी लाइव्ह केली.

पोथीवाला

बायकांच्या रडण्याची ही भीती फार जुनी आहे. अथेन्समध्ये सोलोनने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातच बायकांच्या शोकावर बंधनं घातली. रोमनांच्या बारा पाट्यांच्या कायद्यात तर स्पष्ट कलम आहे: अंत्यविधीत बायकांनी गाल ओरबाडू नयेत, आक्रोश करू नये. रडण्यावर कायदा करावा लागला म्हणजे त्या रडण्याने काहीतरी घडत असणार. सूड, भाऊबंदकी, काहीतरी. बाभूळकाटा यांच्या आजोबांच्या ओट्यासारखं.

निळी_पहाट

आमच्या बौद्ध वस्तीतलं सांगतो. आमच्याकडे अंत्यविधीला त्रिशरण-पंचशील, मग 'अनिच्चा वत सङ्खारा' ही गाथा. नंतर जलदान विधी आणि पुण्यानुमोदन. छाती बडवून रडू नये, जे उत्पन्न होतं ते नष्ट होतं, असं भन्तेजी समजावतात. मला लहानपणापासून ते बरोबर वाटत आलंय.

पण माझी आजी. १९५६च्या धर्मांतराला नागपूरला जाऊन आलेली, घरातले देव स्वतःच्या हाताने नदीत सोडलेली. माझा काका अपघातात गेला तेव्हा गाथा चालू असेपर्यंत हात जोडून बसली. गाथा संपली आणि तिने गळा काढला. भन्तेजी चांगले होते, पुस्तक मिटून गप्प बसून राहिले, तिला आवरलं नाही.

आणि एक. बाबासाहेब गेले तेव्हाच्या रडण्याची गाणी झाली. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, वस्तीत रात्रभर महापरिनिर्वाणाची भीमगीतं चालतात, हार्मोनियम-ढोलकीवर. आजी म्हणायची, "बापासाठी रडले नाही तेवढी त्या दिवशी रडले." एका घराचं रडणं लाखो घरांचं झालं की त्याचं गाणं होतं, असं मला वाटतं. इतिहासकारांनी दुरुस्त करावं.

सांजवात

निळी_पहाट, यावरून नामदेवांचे समाधीचे अभंग आठवले. १२९६ला आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, त्याचं नामदेवांनी केलेलं वर्णन. अभंगांमध्ये बसवलेला विलापच तो. आमच्या घरात रडायला बंदी होती, पण हे अभंग म्हणताना आजोबांचा गळा दाटायचा. ते चालायचं.

अत्तरदाणी

आमच्याकडेही हीच ओढाताण. डोळ्यांतून पाणी आलं तर हरकत नाही, पण आवाज काढून, कपडे फाडून, गुण गात रडणं ज्याला नियाहत म्हणतात ते मना आहे. शोक तीन दिवस, फक्त नवऱ्यासाठी चार महिने दहा दिवस. मौलवीसाहेब दर मयताला हे सांगतात आणि आतल्या खोलीत माझ्या खाला ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

दुसऱ्या बाजूला मोहरमचे मर्सिये आणि नौहे, म्हणजे करबलाच्या शहिदांची शोककाव्यं. करबला घडली ६८० साली आणि अजून तो शोक ताजा आहे. लखनौच्या मीर अनीसने एकोणिसाव्या शतकात मर्सिया कुठल्या कुठे नेला, पण आपल्या दख्खनीतले मर्सिये त्याच्या कितीतरी आधीचे. आमच्या गावात ताबुतापुढे रडणाऱ्यांत निम्म्या बायका हिंदू असतात. नवस त्यांचाही असतो.

टवाळ_तुक्या

शिमग्याचं कुणी बोललं नाही! पालथ्या हाताने तोंडावर मारत 'बोंब' ठोकायची, ती मूळची मर्तिकाचीच नक्कल असणार असं आमचे मास्तर म्हणायचे. आमच्या गावात धुळवडीला जिवंत माणसाला तिरडीवर बांधून मिरवायचे आणि पोरं बायकांचे हेल काढायची. एका वर्षी माझा नंबर लागला. माझ्यासाठी काय काय आठवून रडले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण उधारीचे आकडे बिनचूक होते.

रात्रपाळी

मी २२ वर्षं नर्स आहे. वॉर्डात रात्री कुणी गेलं की नातेवाइकांना आवाज करू नका हे सांगायचं काम माझं. शेजारच्या खाटांवर माणसं जगायचा प्रयत्न करत असतात, तेव्हा सांगावंच लागतं. त्यामुळे निंबोणीच्या आतेभावावर मी चिडू शकत नाही.

एकदा पहाटे तीनला एक म्हातारी गेली. आजोबा धोतर-टोपीतले, खेड्यातले. मी ओठांवर बोट ठेवायच्या आधीच ते खाली वाकले आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन बोलायला लागले. मी पडदा ओढून घेताना ऐकलं. हेलच होता, चढणारा आणि उतरणारा, फक्त कुजबुजीतला. "गाय येईल गं आता महिन्याभरात, खरवस कोण करील गं." पुरुष असं रडत नाहीत म्हणतात. मोठ्याने रडत नसतील. मी दहा मिनिटं डॉक्टरांना कळवायची थांबले. नियमात बसत नाही, पण थांबले.

दोन_ओळी

पडद्याआडचं वाचून पुढे वाचवेना. थोड्या वेळाने येते.

काठावरची

२०२१च्या एप्रिलमध्ये बाबा गेले. स्मशानात चार माणसं, बाकी सगळे फोनवर. आत्या गावाकडून व्हिडिओ कॉलवर गळा काढत होती. रेंज जात होती, त्यामुळे "माझ्या भावा रंऽ" म्हणता म्हणता चित्र अडकायचं, तोंड उघडं, आवाज नाही, आणि चार सेकंदांनी पुढचा शब्द. मी फोन बाबांच्या दिशेने धरून उभी होते. किट घातलेला माणूस म्हणाला, "ताई, बास आता." वर मी रोखठोक यांना +१ दिलाय तो कायम आहे. तरीही तो कॉल मी कापला नाही.

जात्यावरची

मूळ प्रश्नाकडे येऊ का? निंबोणीने विचारलंय, नोंद आहे का.

सगळ्यात मोठा साठा जात्यावरच्या ओव्यांचा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांत फिरून १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आता त्या पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायला मिळतात, बाईच्या नावागावासकट. त्यात मरणाच्या ओव्या आहेत. आई गेल्यावर माहेर कसं परकं होतं त्याच्या, आणि अहेव मरणाच्याही: नवऱ्याआधी आपण जावं, हिरव्या चोळीने जावं. आज वाचताना राग येतो, पण विधवेचं काय होतं हे रोखठोक यांच्या प्रतिसादात वाचलंच आपण. ती मागणी कुठून येते ते कळतं.

पण ओवी वेगळी आणि गळा वेगळा. ओवी पहाटे जात्यावर, एकटीने किंवा दोघींनी, पुन्हा पुन्हा म्हणायची असते. गळा एकदाच निघतो, त्यामुळे नोंद होत नाही. मी एकदा आईला म्हटलं, "तू कशी रडायचीस ते म्हणून दाखव, मोबाइलवर घेते." ती उखडलीच. "घरात सगळी धडधाकट असताना गळा काढायचा? कुणाला न्यायचंय तुला?" खूप मागे लागले तेव्हा म्हणाली, घरात नाही. शेतात गेलो, बांधावर बसली. तीन ओळी म्हणाली. म्हणता म्हणता तिची बहीण आठवली असावी, कारण पुढे ते 'दाखवणं' राहिलं नाही. मी मोबाइल बंद करून पिशवीत टाकला. ती नोंद १ मिनिट ४० सेकंदांची आहे. मी ती परत ऐकलेली नाही.

एक भर: मुलगी सासरी निघताना आमच्याकडे अगदी हाच हेल असायचा. तीच चाल, शब्द वेगळे. आई म्हणते बायका गळा तिथेच शिकतात. लग्नात लहान मुली आजूबाजूला असतात, मर्तिकात त्यांना बाहेर पाठवतात.

बाभूळकाटा

जात्यावरची, 'कुठे शिकतात' याचं उत्तर मला आज मिळालं. धन्यवाद.

निंबोणी, काकूंना एकदा भेटून या. त्या "त्या साली तुमीऽऽ" म्हणून थांबल्या ना? ती ओळ अर्धी आहे. माझी आजी अर्ध्या ओळीवर थांबली असती तर आमची पाण्याची पाळी अजून बंद असती.

टवाळ_तुक्या

आणि जाताना आतेभावाला घेऊन जा. जिन्याने.

निंबोणी

दोन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. रात्रपाळी, तुमचा जास्त वेळा.

गेल्या रविवारी गावी गेले होते. आतेभाऊ आला नाही, त्याला काम होतं. काकू ज्वारी निवडत बसली होती. मी इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, त्या दिवशी तू पुढे काय म्हणणार होतीस? तिने सुपातले खडे बाजूला केले. बराच वेळ काही नाही. मग साध्या आवाजात, हेल वगैरे काही नाही, असं म्हणाली:

"त्या साली तुझ्या काकाचं पोट फाडलं. पैसं न्हवतं. वन्संनी बिलवर मोडलं आन घरात सांगितलं एस्टीत चोरीला गेलं."

हे इथे कळायला थोडं सांगावं लागेल. आत्याचे बिलवर, म्हणजे सोन्याच्या बांगड्या, स्वारगेटला एस्टीत चढताना चोरीला गेले, ही आमच्या घरातली चाळीस वर्षांची गोष्ट आहे. आत्याचा वेंधळेपणा म्हटलं की तेच उदाहरण. तिच्या सासूने शेवटपर्यंत ऐकवलं. आतेभावाने परवा परवापर्यंत चेष्टा केली, आत्या हसायची. ज्या दिवशी काकू जिन्याने वर आली त्या दिवशी आत्याच्या सासरची झाडून सगळी माणसं त्या हॉलमध्ये होती.

मी म्हटलं, काकू, मग आता सगळ्यांना सांगू या की. वर्षश्राद्धाला सांग.

ती म्हणाली, "आता सांगून काय, नुसती बातमी. तवा वन्सं हितंच व्हत्या की."

परवा आतेभावाला फोन करून सगळं सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने विचारलं, "मी थांबवलं तेव्हा तिला बसून किती वेळ झाला होता?"

मी म्हटलं, दोन मिनिटं. फार तर तीन.